उन्हावर चालणारं इंजिन समुद्रात : वर कोमट पाणी, खाली गार पाणी आणि मधे एक किलोमीटरची नळी

टर्बाइनवाला :

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहून काढतोय, जरा लांबेल.

मी करवीर तालुक्यातला, साखर कारखान्यात टर्बाइनवर आहे, वीस वर्षं झाली. गळीत हंगाम संपला की ओव्हरहॉलिंगचे दिवस सोडले तर हातात थोडा वेळ असतो. यंदा पोराच्या सायन्स प्रोजेक्टसाठी आम्ही दोघांनी मिळून स्टर्लिंग इंजिन, म्हणजे आतली हवा तापून-गार होऊन फिरणारं इंजिन, बनवलं. खाली अ‍ॅल्युमिनियमची गोल चकती, वर तशीच दुसरी, मधे प्लास्टिकच्या डब्याचं कापलेलं कडं, आत थर्माकोलची सैल चकती, सायकलच्या स्पोकची क्रँक आणि फ्लायव्हील म्हणून जुनी सीडी. आत फक्त हवा, दुसरं काही नाही. गरम चहाच्या कपावर ठेवायचं, अर्धा मिनिट थांबायचं, सीडीला बोटाने हलका टिचका द्यायचा की टकटक करत फिरायला लागतं.

मग पोरगं म्हणालं बाबा बर्फावर ठेवून बघूया. फ्रिजमधला ट्रे काढला, त्यावर ठेवलं, टिचका दिला, एक फेरी मारून थांबलं. त्याने उलट्या बाजूने टिचका दिला आणि सुरू झालं! चहावर घड्याळाच्या काट्यासारखं फिरत होतं ते बर्फावर उलटं फिरायला लागलं, आणि चांगलं वीस मिनिटं फिरलं. तेव्हा खोलीतली हवाच गरम बाजू झाली होती.

हे तत्त्व मला नवीन नाही. आमच्याकडं सगळे बॉयलर बॉयलर करतात, सदुसष्ट किलो प्रेशर, पाचशे अंशाच्या आसपास वाफ, पण रात्रपाळीला कंडेन्सरचा, म्हणजे वाफ गार करून परत पाणी करणाऱ्या भांड्याचा, व्हॅक्यूम पडला की मेगावॅट कसे घसरतात ते ज्याने पॅनलसमोर उभं राहून बघितलंय त्यालाच माहीत. बॉयलर तोच, बगॅस (उसाचं चिपाड) तेवढाच, वाफ तेवढीच, फक्त गार करणारं पाणी गरम झालेलं. इंजिनाला गरम बाजू जेवढी लागते तेवढीच गार बाजू लागते, आणि सोलरची चर्चा करताना आपण सगळे नुसतं वर सूर्याकडे बघतो, गार बाजू कुठून आणायची हे कुणी विचारत नाही.

आता समुद्र बघा. आपल्याकडच्या उष्ण समुद्रात वरचं पाणी साधारण २८ अंश असतं, दिवसा पण आणि रात्री पण, आणि तिथेच खाली हजार मीटरवर गेलं की ७-८ अंश. वरचं तापवतो सूर्य, खालचं येतं ध्रुवांकडच्या थंड समुद्रातून तळातळाने सरकत. म्हणजे वीस अंशाचा फरक एकाच जागी उभा आहे, आरसे नकोत, पॅनल नकोत, अख्खा समुद्रच कलेक्टर. मधे इंजिन बसवायचं एवढंच. समुद्रातल्या उष्णतेच्या फरकावर वीज करायच्या या पद्धतीला ओटेक म्हणतात. फ्रान्सच्या जॅक दार्सोनवाल यांनी ही कल्पना १८८१ मध्ये मांडली होती.

यात सहसा पाण्याची वाफ वापरत नाहीत, अमोनिया वापरतात, आपल्या बर्फाच्या कारखान्यात असतो तोच. उघड्यावर तो उणे ३३ अंशालाच उकळतो. वरच्या कोमट पाण्याने त्याला २५ अंशापर्यंत नेलं की दहा बारच्या आसपास प्रेशर येतं, खालच्या गार पाण्याने १० अंशावर आणलं की सहा बार. या चार बारच्या फरकावर टर्बाइन फिरतं, मग अमोनिया परत पातळ होतो, पंप परत फिरवतो. आमच्या टर्बाइनच्या मानाने हे फारच नाजूक काम आहे पण तत्त्व तेच, एका बाजूला बॉयलर एका बाजूला कंडेन्सर.

माझं म्हणणं असं की आपल्या देशाला हे गंभीरपणे करायला पाहिजे, आणि सुरुवात मुंबई-रत्नागिरीला नाही तर लक्षद्वीपला. का ते पुढे लिहितो, आधी तुमचं ऐकू द्या. काही चुकत असलं तर सरळ सांगा.

फौंड्रीवाला, उद्यमनगर :

दादा वाचताना मजा आली, बर्फावर उलटं फिरतं हे मला खरंच माहीत नव्हतं. पण एक शंका आहे, वीस अंशाच्या फरकावर एफिशियन्सी किती येणार? आमच्या शेडवर पॅनल लावलेत ते वीस टक्के देतात. आणि आरशाच्या डिशला स्टर्लिंग इंजिन लावून अमेरिकेत २००८ ला ३१ टक्क्यांच्या वर गेले होते असं वाचलंय. मग समुद्रावर तरंगत्या तराफ्यावर अशा डिशच का लावू नयेत, खाली गार पाणी आहेच की.

टर्बाइनवाला :

भावा, प्रश्न बरोबर आहे. कार्नोचा हिशोब करू, म्हणजे दोन तापमानांच्या मधे कुठलंही इंजिन जास्तीत जास्त किती टक्के देईल त्याचा. वरचं २८ म्हणजे ३०१ केल्विन, खालचं ८ म्हणजे २८१. वीस भागिले ३०१, साडेसहा टक्के. हे कागदावरचं, यापुढे देवही जाऊ शकत नाही. हीट एक्स्चेंजरमधे, म्हणजे पाणी आणि अमोनिया यांच्यात उष्णतेची देवाणघेवाण होते तिथे, काही अंश जातात, टर्बाइनमधे जातं, पंप खातात, हातात येतात दोन-तीन टक्के.

पण इथे टक्के कशाचे ते बघायला पाहिजे. आमच्या बॉयलरमधे टक्का घसरला की बगॅस जास्त जळतो, बगॅसला भाव आहे. समुद्राच्या उष्णतेला भाव नाही. इथे टक्का कमी म्हणजे पाणी जास्त लागणार, पाणी जास्त म्हणजे नळी मोठी, एक्स्चेंजर मोठे, पैसा सगळा तिथे जातो. इंधन फुकट, भांडी महाग असा प्रकार आहे.

डिशचं म्हणाल तर ती सूर्यावर अगदी नेमकी धरावी लागते, अंशाचा छोटासा भाग चुकला तरी फोकस रिसीव्हरच्या बाहेर. जमिनीवर काँक्रीटच्या पायावर ते जमतं. लाटेवर तराफा मिनिटाला आठ-दहा वेळा डोलणार, मोटरने प्रत्येक डोलणं मारून काढायचं, वर आरशावर खाऱ्या तुषारांचा थर. आणि रात्री बंदच. आरशांचं तंत्र जमिनीवर छान चालतं, लातूरच्या महानंद डेअरीत १६० चौरस मीटरची आयआयटी मुंबईची डिश दूध तापवायला बसवली होती, शिर्डीला प्रसादालयात ७३ डिशच्या वाफेवर स्वयंपाक. ते जमिनीवरच राहू दे.

वारणाकाठ :

मी शेतकरी माणूस, आमची शेतीच्या पाण्याची लिफ्ट आहे नदीवरनं, सत्तर मीटर हेड, म्हंजे पाणी तेवढं वर चढवायचं, तर मोटरांचं बिल बघून झोप उडते. तुमी म्हणताय हजार मीटर खालनं पाणी काढायचं. हजार मीटर हेडला किती हॉर्सपॉवर लागंल? जेवढी वीज तयार हुईल ती सगळी पंपच खाईल की वो. ह्येचं उत्तर द्या आदी.

टर्बाइनवाला :

काका, हाच प्रश्न मलाही पहिल्यांदा पडला होता आणि याचं उत्तर मिळालं तेव्हाच मी या विषयात अडकलो.

तुमच्या लिफ्टला नदीचं पाणी सत्तर मीटर वर चढवायचं असतं, पाइपच्या बाहेर हवा असते. इथे पाइपच्या बाहेर पण पाणीच आहे. हौदात दोन्ही बाजूंनी उघडी नळी उभी धरा, नळीतलं पाणी हौदाच्या पातळीइतकं आपोआप उभं राहतं, कुणी पंप लावत नाही. तसंच हजार मीटरची नळी समुद्रात उभी सोडली की खालचं गार पाणी जवळजवळ वरपर्यंत आपोआप येऊन उभं राहतं. गार पाणी थोडं जड असतं म्हणून मीटरभर खाली राहील एवढंच. पंपाला तो मीटर, नळीतलं घर्षण आणि एक्स्चेंजरमधून ढकलणं एवढंच काम, म्हणजे काही मीटरचं हेड. तुमच्या लिफ्टपेक्षा कितीतरी कमी.

पण पाणी प्रचंड लागतं म्हणून तेवढ्या हेडलाही तयार झालेल्या विजेतला वीस-तीस टक्के भाग पंपच खातात. तुमची शंका अगदीच वायफळ नाही. खरं तर पहिल्या प्लँटमधे नेमकं तेच झालं होतं, पंपांनी सगळी खाल्ली.

वारणाकाठ :

हां, आता डोक्यात शिरलं. हौदाचं बराबर आहे. आमच्या जॅकवेलमधी, म्हंजे नदीकाठच्या पंपाच्या विहिरीत बी पाणी नदीच्या पातळीला आपोआप येतंय, पंप त्येच्या वरच्या उंचीसाठीच. पण किती पाणी लागतंय ते क्युसेकमधी सांगा, लिटर न्हाई कळत.

जुनी पानं :

पहिल्या प्लँटचा उल्लेख आला म्हणून लिहिते. जॉर्ज क्लोद, निऑनचे दिवे ज्याने काढले तोच, दार्सोनवालचा शिष्य. त्याने १९३० मध्ये क्युबात मातांझास बंदराजवळ हे उभं केलं. जवळजवळ दोन किलोमीटर लांब आणि दीड मीटरहून जास्त रुंद नळी समुद्रात सोडायची होती. दोन वेळा नळी हातची गेली, तिसऱ्या वेळी बसली. २२ किलोवॅट निघाले, पण चालवायला त्याहून जास्त लागले. मग १९३५ मध्ये ब्राझीलसमोर जहाजावर दुसरा प्रयत्न, तो लाटांनी आणि हवामानाने मोडून काढला. दोन्ही वेळा मोठी डोकेदुखी नळीचीच होती.

आणि आपल्या राज्याशी संबंध असलेली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. उन्हावर वाफेचं इंजिन आपल्या मुंबईत १८७८ च्या सुमाराला चाललेलं आहे. विल्यम अ‍ॅडम्स नावाचा इंग्रज अधिकारी होता, त्याने कुलाब्यात बंगल्याच्या आवारात ७२ सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडून बॉयलर तापवला आणि अडीच हॉर्सपॉवरचं इंजिन चालवून लोकांना दाखवलं. त्याचं म्हणणं होतं की हिंदुस्थानसारख्या देशात लाकूड आणि कोळसा महाग, ऊन फुकट. पुढे १९१३ मध्ये फ्रँक शुमनने इजिप्तमध्ये मादी गावी लांबलचक पन्हळीसारख्या आरशांवर पंप चालवून नाईलचं पाणी शेतीला दिलं. लगेच महायुद्ध लागलं, ते बंद पडलं, आणि नंतर स्वस्त तेल आलं.

मी मराठी शाळेत शिकवते, सातवी-आठवीच्या मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात. कुलाब्यात! असं म्हणतात.

टर्बाइनवाला :

ताई, कुलाब्याचं मला अजिबात माहीत नव्हतं, फार आभार. क्लोदबद्दल एक भर घालतो. त्याने अमोनिया नाही वापरला, समुद्राचं पाणीच व्हॅक्यूममधे उकळवलं. साखर कारखान्यातल्या माणसाला हे लगेच पटेल. आमच्या पाक आटवायच्या पॅनवर चोवीस-पंचवीस इंच व्हॅक्यूम धरला की पाक पासष्ट अंशाला रटरटायला लागतो, काचेला डोळा लावून बघितलं तर आत नुसतं उसळत असतं आणि बाहेर पॅनला हात टेकवता येईल इतपतच गरम. शंभर अंश गाठले तर साखर करपून लाल होईल म्हणून हा सगळा खटाटोप. क्लोदने व्हॅक्यूम आणखी ताणला, हवेच्या दाबाचा जेमतेम साडेतीन टक्के उरला की पाणी २७ अंशालाच उकळतं. पण ती वाफ इतकी विरळ की एक किलो वाफेला ३९ घनमीटर जागा लागते, शंभर अंशाच्या वाफेला पावणेदोन पण लागत नाही. म्हणून टर्बाइन अवाढव्य होतं. पण या पद्धतीचा एक मोठा फायदा आहे, ती वाफ गार केली की गोडं पाणी मिळतं. हा मुद्दा ध्यानात ठेवा.

काका, क्युसेक. ढोबळ नियम असा की बाहेर द्यायच्या एक मेगावॅटला सेकंदाला चार घनमीटर कोमट आणि दोन घनमीटर गार पाणी. दोन घनमीटर म्हणजे सत्तर क्युसेक. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक सुटतं ना, तेवढं गार पाणी अखंड, बारा महिने, वर आणलं तर वीस मेगावॅट. एका मध्यम साखर कारखान्याच्या को-जन (बगॅसवरच्या वीजनिर्मिती) एवढे.

वारणाकाठ :

आरं बापरे. राधानगरीचा एक दरवाजा नळीतनं. दरवाजा उघडला की पंचगंगेची पातळी वाढत्याय, सायरन वाजतोय आणि आमी जनावरं सोडाय पळतोय. आता कळालं नळी का मोडत्याय.

देवगडकरीण :

मी कोल्हापुरात दिलेली, माहेर देवगड. वडील आणि भाऊ मासेमारीत. म्हणून थोडं समुद्राच्या बाजूने.

आपल्या कोकणासमोर हजार मीटर खोली जवळ नाही हो. भूगोलात समुद्रबूड जमीन शिकलो होतो ती आपल्याकडे फार रुंद आहे, मुंबईसमोर तर तीनशे किलोमीटरच्या घरात, दक्षिणेला अरुंद होत जाते. आमचे लोक ट्रॉलर घेऊन दिवसभर बाहेर गेले तरी खाली शंभर मीटरच्या आतच पाणी. म्हणजे इंजिन तिथे ठेवायचं आणि वीज शंभर-दीडशे किलोमीटर केबलने आणायची.

आणि पावसाळा. एक जून ते एकतीस जुलै मासेमारी कायद्यानेच बंद असते, माशांच्या विणीसाठी आहे तशीच ती माणसांच्या जिवासाठी पण आहे. आमच्या घरी त्या दिवसांत रात्री झोपताना सुद्धा समुद्राचा आवाज भिंतीतून येतो, एक सारखा, वडील म्हणायचे दर्या श्वास घेतोय. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबई हाय तेलक्षेत्राजवळ पी-३०५ बार्ज (माणसं राहायचा तराफा) नांगर तुटून वाहत गेला आणि बुडाला, किती माणसं गेली. बार्ज तरंगत राहिला तरी त्याला खाली एक किलोमीटरची नळी लटकलेली असेल तर? बार्ज वर-खाली होणार, नळी सांध्यातून पिळणार.

विरोध म्हणून लिहीत नाहीये. पण जो कुणी हे बांधेल त्याने आधी एक पावसाळा आमच्या जेटीवर राहावं असं मला मनापासून वाटतं.

टर्बाइनवाला :

ताई, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. तुम्ही म्हणता ते आपल्या देशाने अनुभवलेलं आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने, एनआयओटी म्हणतात तिला, तुतिकोरीनसमोर एक मेगावॅटचं ओटेक करायला घेतलं होतं, २००० नंतरच्या दोन-तीन वर्षांत. सागरशक्ती नावाचा बार्ज, वर टर्बाइन, एक्स्चेंजर सगळं तयार. खाली सोडायची नळी मीटरभर रुंद, लांबी हजार मीटरच्या आसपास. ती सोडतानाच गेली. म्हणजे क्लोदचं दुखणं सत्तर वर्षांनी तसंच.

पण पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ते लोक तिथे थांबले नाहीत. त्यांनी विजेचा नाद थोडा बाजूला ठेवला आणि पाणी धरलं.

थर्ड इयर मेकॅनिकल :

सर, यावर मी लिहू का? सेमिनारचा विषय हाच घेतला होता.

लक्षद्वीपमध्ये कवरत्ती बेटावर २००५ मध्ये एनआयओटीने प्लँट चालू केला, दिवसाला एक लाख लिटर गोडं पाणी. वरचं २८ अंशाचं पाणी व्हॅक्यूम चेंबरमध्ये सोडतात, त्यातलं थोडं वाफ होतं, ती वाफ साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेल्या १२ अंशाच्या पाण्याने गार करतात, झालं गोडं पाणी. फिल्टर नाही, मेम्ब्रेन नाही, केमिकल जवळजवळ नाही. बेट प्रवाळाचं असल्यामुळे किनाऱ्यापासून काहीशे मीटरवर समुद्र एकदम खोल होतो, म्हणून नळी छोटी आणि बार्जची गरजच नाही, प्लँट जमिनीवर. नंतर २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्ती. मधल्या काळात २००७ मध्ये सागरशक्ती बार्जच चेन्नईसमोर नेऊन त्यावर दिवसाला दहा लाख लिटरचा प्रयोग झाला. आणि आता कवरत्तीला ६५ किलोवॅटचा ओटेक हाती घेतलाय, म्हणजे पाण्याच्या प्लँटला लागणारी वीज पण समुद्रातूनच.

बाहेरचं सांगायचं तर हवाईला १९७९ मध्ये मिनी-ओटेक नावाच्या बार्जवर पहिल्यांदा पंपांचा खर्च वजा जाऊन वीज उरली, पन्नासातली दहा-पंधरा किलोवॅट. १९८१ ला जपान्यांनी नाउरू बेटावर शंभर किलोवॅटचा बांधला. जपानमध्ये कुमेजिमा बेटावर २०१३ पासून शंभर किलोवॅटचा आहे आणि तिथे ते गार पाणी नंतर समुद्री द्राक्षं, कोळंबी वगैरेसाठी वापरतात.

माझी एक आयडिया आहे. वरचं २८ चं पाणी सोलर कलेक्टरमधून ४८ ला नेलं तर? फरक वीसचा चाळीस होतो, कार्नो साडेसहावरून साडेबारा टक्के.

टर्बाइनवाला :

बाळा, फार छान लिहिलंस, आणि हो, सेमिनारची पीपीटी असली तर इथे टाक.

तुझ्या आयडियाचा हिशोब करून बघूया. एक मेगावॅटचं चार घनमीटर पाणी धर, सेकंदाला चार हजार किलो. वीस अंश तापवायचं. समुद्राच्या पाण्याची विशिष्ट उष्णता, म्हणजे एक किलो पाणी एक अंश तापवायला लागणारी उष्णता, चार किलोज्यूल धर. चार हजार गुणिले चार गुणिले वीस, तीन लाख वीस हजार किलोवॅट उष्णता, म्हणजे ३२० मेगावॅट! दुपारच्या चांगल्या उन्हात कलेक्टरने चौरस मीटरला अर्धा किलोवॅट पकडला तरी साडेसहा लाख चौरस मीटर लागले, रंकाळा तलावाच्या निम्म्याहून जास्त भाग कलेक्टरने झाकला असं समज. पाणी तेवढंच ठेवून फरक दुप्पट केला तर वीज चौपटीच्या जवळ जाईल, म्हणजे तीनेक मेगावॅट वाढले. तेवढ्याच जागेत साधे पॅनल मांडले तर दुपारी याच्या कितीतरी पट वीज येते.

तुझी आयडिया वाईट नाही, यावर संशोधन चालूच आहे आणि कमी पाण्यात छोटं युनिट करायचं असेल तर वेगळा हिशोब निघेल, तो तू कर. मला यातून दिसलं ते असं की समुद्राने आपल्याला ३२० मेगावॅटसारखी उष्णता आधीच गोळा करून साठवून ठेवलेली आहे, रात्रीसकट. पॅनलला दिवसाची वीज स्वस्तात देऊ द्या, त्याच्याशी ओटेकने भांडायचं कारण नाही. तेलंगणात रामगुंडमला तलावावर शंभर मेगावॅटचे तरंगते पॅनल आहेत, तसं आपल्या धरणांवर पण करा. ओटेकची जागा वेगळी आहे.

आता मी सुरुवातीला म्हटलं होतं लक्षद्वीप, ते का. एक तर खोल पाणी किनाऱ्याला लागून. दुसरं, तिथे वीज मुख्यतः डिझेलवर, आणि ते डिझेल जहाजाने येतं, पावसाळ्यात जहाजांची ये-जा अवघड. तिसरं, गोड्या पाण्याचा दुष्काळ, वाळूच्या खाली पातळ थर असतो तेवढाच. तिथल्या माणसाला रात्रीच्या दोन वाजताही एकसारखी मिळणारी थोडी वीज आणि घागरभर पाणी या दोन्हीची किंमत आपल्यापेक्षा फार जास्त आहे. गार पाण्याची नळी एकदा बसली की तिच्यातून दोन्ही निघतात. म्हणून आधी पाणी, मग त्याच नळीवर वीज, हा एनआयओटीचा क्रम मला अगदी बरोबर वाटतो. शंभर मेगावॅटच्या घोषणा नकोत. दोनशे-पाचशे किलोवॅटचं एक युनिट पाच पावसाळे सलग चालवून दाखवा, नळी न मोडता.

फौंड्रीवाला, उद्यमनगर :

दादा हे पटलं. आता आमच्या बाजूचं. यात पंप लागणार मोठे, कमी हेडचे, भरपूर डिस्चार्जचे, आणि खाऱ्या पाण्यातले. साधं कास्ट आयर्न तिथे टिकत नाही, खाऱ्या पाण्यात लोखंड विरघळून जातं आणि आकार तसाच ग्रॅफाइटचा राहतो, वरून दिसायला चांगला आणि स्क्रू ड्रायव्हर टोचला तर पेन्सिलीसारखा खरवडतो. माझ्याकडे कोकणातून दुरुस्तीला आलेलं पंपाचं एक व्होल्यूट केसिंग (बाहेरचं कवच) पडून आहे तसं, नखाने सुद्धा काळी भुकटी निघते. तिथे निकेल अ‍ॅल्युमिनियम ब्रॉन्झ किंवा डुप्लेक्स स्टेनलेस लागतं. ही कास्टिंग कोल्हापुरात होऊ शकतात, करणारी माणसं आहेत. आपण ऑइल इंजिनपासून ऑटोमोबाइलपर्यंत सगळं ओतलं, हे का नाही.

एक्स्चेंजरचं काय? टायटॅनियम म्हणे. तो खर्च?

टर्बाइनवाला :

टायटॅनियम टिकतं पण महाग, म्हणून काही ठिकाणी अ‍ॅल्युमिनियमवर प्रयोग चाललेत. खरा त्रास कोमट बाजूला. तिथे शेवाळाचा बुळबुळीत पातळ थर धरतो. आमच्या इव्हॅपोरेटरच्या नळ्यांना स्केल धरलं की वाफेचं खाणं कसं वाढतं ते आम्ही दर हंगामात बघतो, कॉस्टिक उकळून, ब्रश मारून साफ करावं लागतं. पण आमच्याकडं नळीच्या दोन बाजूंना पाच-दहा अंश मोकळे असतात, इथे सगळा संसारच वीस अंशाचा, त्यातला एक अंश त्या बुळबुळीत थरात गेला तर मोठा तोटा. थोडं क्लोरीन सोडून तो थर धरू देत नाहीत. गार बाजूला हा त्रास फार कमी, खालच्या काळोख्या पाण्यात जीव कमी.

आणि वापरलेलं पाणी परत सोडताना पुरेसं खोल सोडायला पाहिजे. खालच्या पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट भरपूर, ते वर उन्हात सोडलं तर शेवाळ माजेल आणि प्रवाळाला त्रास. देवगडच्या ताई, तुमच्या भावांना यावर काय वाटतं तेही विचारा.

देवगडकरीण :

फोनवर वाचून दाखवलं. भाऊ म्हणाला खालचं गार पाणी वर येतं तिथे मासा येतो हे आम्हाला माहीत आहे, पण माणसाने आणलेलं पाणी आणि दर्याने आणलेलं पाणी एकच वागेल का ते एक-दोन वर्षं बघितल्याशिवाय कळणार नाही. आणि नळी सोडायची ती फेब्रुवारीत सोडा म्हणाला, तेव्हा समुद्र तेलासारखा असतो.

गंगावेस :

सगळा धागा काल रात्री बसून वाचला. टर्बाइनवाले दादा, ते सीडीचं इंजिन दोन दिवस मिळेल का? आमच्या घरी म्हशी आहेत, पहाटे कट्ट्यावर धारोष्ण दूध घालतो. एक करून बघायचंय.

टर्बाइनवाला :

या की संध्याकाळी घेऊन जा. वरच्या चकतीला हात लावू नका, स्पोक वाकतो.

गंगावेस :

करून बघितलं, आज पहाटे साडेपाचला. बाहेर १६ अंश होतं. म्हशीची धार सरळ रुंद तोंडाच्या पातेल्यात काढली, थर्मामीटर घातला तर ३७. म्हणजे फरक २१ अंश, तुमच्या समुद्राएवढाच. पातेल्यावर इंजिन ठेवलं, टिचका दिला, दोनदा थांबलं, तिसऱ्यांदा फिरलं. मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्या असतील. कट्ट्यावर दूध प्यायला आलेली माणसं ग्लास हातात धरून बघत उभी.

नऊ-दहा मिनिटांनी मंदावलं आणि थांबलं. मला वाटलं दूध निवलं. थर्मामीटर बघितला तर ३४, अजून चांगलं कोमट. मग वरच्या चकतीला हलकेच बोट लावलं तर ती पण कोमट झालेली. वडिलांनी खांद्यावरचं फडकं बादलीत बुडवून पिळलं आणि चकतीवर घडी करून ठेवलं, सीडीला लागणार नाही असं. टिचका दिला. परत चालू झालं.

इंजिन उद्या आणून देतो.